ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार व त्याची नोंदणी

तबकडी, ध्वनिफीत वा संगणकीय फाइल अशा कोणत्याही माध्यमात मुद्रित केलेल्या ध्वनीवर कायद्याने मान्य केलेला हक्क म्हणजे ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार अथवा कॉपीराइट होय. एखाद्या गीताच्या मुद्रणात तीन स्वतंत्र हक्क एकवटलेले असतात : शब्दांवर कवीचा, चालीवर संगीतकाराचा आणि मुद्रणावर निर्मात्याचा. पुढाकार घेऊन मुद्रण सिद्धीस नेणारी व्यक्ती वा संस्था म्हणजे निर्माता. गायकाच्या प्रयोगाधिकाराची भर यात १९९४ च्या दुरुस्तीने पडली.

भारतात १८४७ च्या अधिनियमान्वये हक्क बजावण्यासाठी नोंदणी अनिवार्य होती. १९११ चा ब्रिटिश कायदा १९१४ च्या अधिनियमाने काही फेरफारांसह येथे लागू झाला आणि नोंदणीची ती अट संपली. या कायद्याने तबकड्यांनाही संरक्षण दिले. स्वतंत्र भारताचा प्रताधिकार अधिनियम १९५७ मध्ये संमत होऊन २१ जानेवारी १९५८ रोजी अंमलात आला. त्यातील संगीतकृतीची व्याख्या मात्र लेखनबद्ध स्वररचनेपुरतीच होती. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी स्वरलेखनपद्धती रूढ केली असली, तरी मराठी नाट्यपदांच्या, लावण्यांच्या व भावगीतांच्या चाली बहुधा मुखोद्गतच शिकविल्या जात. परिणामी चाल बांधणाऱ्याचा हक्क संदिग्ध राही, तर तबकडी काढणाऱ्या कंपनीचा हक्क निर्विवाद असे. १९९४ च्या दुरुस्तीने (अंमल १० मे १९९५) लेखनाची ही अट काढून टाकली. पुढे २०१२ च्या दुरुस्तीने कवी व संगीतकार यांचा मानधनातील वाटा अधिक सुरक्षित केला.

हक्क निर्मितीबरोबरच उत्पन्न होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. नोंदवहीतील नोंद मात्र न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते, हे तिचे खरे मूल्य होय. २०१३ च्या नियमांनुसार प्रताधिकार कार्यालयाकडे चौदाव्या नमुन्यात अर्ज करावा लागतो. ध्वनिमुद्रणासाठी शुल्क २,००० रु. ठरविण्यात आले आहे. आक्षेपांसाठी तीस दिवसांची मुदत असते. शब्द वा चाल दुसऱ्याची असल्यास तिच्या धन्याची संमती हवी. कारण मूळ कृतीच्या हक्काचा भंग करून केलेल्या मुद्रणास प्रताधिकार लाभतच नाही. मुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे टिकतो. १९९० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत ही मुदत ५० वर्षांची होती.

नोंदणीवाचून दावा चालेल काय, याविषयी मुंबई उच्च न्यायालयात मतभेद झाला. २०१२ मध्ये एका निकालात नोंदणी आवश्यक ठरविण्यात आली. उलट ९ मार्च २०२१ रोजी संजय सोया प्रकरणात त्याच न्यायालयाने नोंदणी अनिवार्य नसल्याचा निर्वाळा दिला व आधीचा निकाल बंधनकारक नसल्याचे सांगितले. दोन्ही दावे संगीताचे नव्हते, तरी त्यांतील तत्त्व ध्वनिमुद्रणासही लागू पडते.

भिवंडीच्या धामणकर नाक्यासारख्या गजबजलेल्या भागात स्वतःच्या चाली मुद्रित करणाऱ्या एखाद्या नवोदितास हा फरक महत्त्वाचा आहे. नोंदणी केली नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. पण वाद उद्भवल्यास आपली चाल आपलीच हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो. ज्या परंपरेत चाल कागदावर न उतरता कंठातून कंठात गेली, तेथे अशा पुराव्याचे मोल विशेष आहे.