गुणांचे वजन

गुणपत्रिका हा आकड्यांचा कागद असला, तरी त्या आकड्यांनाही इतिहास असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण घ्या. १९६० साली त्या राज्याने उच्च शिक्षणाची मोठी योजना आखली. माध्यमिक शिक्षण पुरे करणाऱ्यांपैकी वरच्या साडेबारा टक्क्यांना कॅलिफोर्निया विद्यापीठात जागा, असे तीत ठरले. आता वरचे कोण, हे ठरवायचे म्हणजे हिशेब आलाच.

तो हिशेब असा. प्रत्येक विषयाला दर सहामाहीस श्रेणी मिळते. ‘ए’चे ४ गुण, ‘बी’चे ३, ‘सी’चे २. बेरजेला श्रेणींच्या संख्येने भागले, की सरासरी निघाली. १९८० नंतरच्या दशकात तीत वजनाची रीत आली. मुलांनी सोप्या विषयांच्या मागे लागू नये, म्हणून वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमाला एक गुण अधिक. तेथे ‘ए’चे ५, ‘बी’चे ४. या जादा गुणांना आठ श्रेणींची मर्यादा घातली गेली.

मांडून पाहू. एका मुलीला वीसही श्रेणी ‘ए’ मिळाल्या : ८० गुण, सरासरी ४. एका मुलाला बारा ‘ए’ आणि आठ ‘बी’, पण ते आठही वरच्या पातळीचे : ४८ आणि ३२, मिळून ८०, सरासरी तीच. त्याने कठीण विषय घेतले, त्याचे मोल व्हावे हे रास्तच. परंतु मुलीच्या शाळेत ते विषय शिकवतच नसतील तर?

नगावर मजुरी घेणाऱ्या विणकराला हे समजावून सांगावे लागत नाही. दर सर्वांना सारखा. माग आणि सूत मात्र मालक देतो. सूत तुटत राहिले, की हात कितीही चालवा, पगार कमीच.

१९९९ साली लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवुडमधील चार विद्यार्थ्यांच्या वतीने हाच प्रश्न न्यायालयात गेला. तेथील मुले बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाची. वरच्या पातळीचे विषय मोजकेच. तक्रार परीक्षकाविरुद्ध नव्हती, संधी न देणाऱ्या राज्याविरुद्ध होती.

२००१ पासून विद्यापीठाने प्रत्येक शाळेतील वरच्या ४ टक्के मुलांना पात्र ठरवले. २०१२ पासून ९ टक्क्यांना. म्हणजे मुलाची तुलना त्याच्याच शाळेतल्या मुलांशी. हवे ते महाविद्यालय मिळेलच, ही हमी मात्र त्यात नाही. २००४ साली गायझर आणि सँतेलिसेस या अभ्यासकांनी दाखवले, की असे विषय किती घेतले याचा विद्यापीठातील पुढच्या यशाशी फारसा संबंध दिसत नाही. तरी जादा गुण राहिला. २०२० साली विद्यापीठाने प्रवेशासाठी सॅट आणि ॲक्ट या परीक्षांची अट सोडण्याचे ठरवले. त्यामुळे शाळेतल्या सरासरीचा भाव आणखी वाढला.

श्रोतेहो, कठीण कामाला अधिक मोल द्यावे, याविषयी कामगाराचा वाद नाही. ते काम अंगावर घेण्याची संधी प्रत्येकाला आधी द्या, एवढेच त्याचे मागणे आहे. जोवर काही शाळांत तो वर्गच भरत नाही, तोवर तो जादा गुण मुलाच्या मेहनतीबरोबर त्याच्या वस्तीचेही वजन करीत राहील.