नर्मदेचा उतारा आणि पावसाचा इतिहास

आपल्या घराण्यांचा माळव्यातील इतिहास अठराव्या शतकापासून सांगण्याची प्रथा आहे. मराठी फौजा नर्मदा ओलांडून उत्तरेस आल्या, धार आणि देवास येथे पवारांच्या गाद्या स्थापन झाल्या आणि त्यांच्या आश्रयाने शिलेदार, कारकून, शास्त्री अशी कुटुंबे येथे रुजली. हे सर्व खरे आहे. परंतु त्याच्या तीन हजार वर्षे आधी माणसांचा एक ओघ नेमका उलट दिशेने, माळव्यातून दक्षिणेकडे गेला होता, याची आठवण आपण क्वचितच ठेवतो.

नेमावर हे या दृष्टीने मोठे सूचक ठिकाण आहे. उत्तर तीरावर सिद्धनाथाचे परमारकालीन देवालय, समोर दक्षिण तीरावर हंडिया आणि मध्ये नर्मदेचे विस्तीर्ण पात्र. भाविक यास नदीचे नाभिस्थान मानतात. अकराव्या शतकात अल्बेरुनीने धारेहून दक्षिणेस जाणारा मार्ग नोंदवला आहे. त्यात नर्मदातीरावरील जे ठाणे येते ते नेमावरच असे अभ्यासक मानतात, आणि तो मार्ग पुढे थेट गोदावरीस पोहोचतो. माळवा आणि गोदाकाठ यांना जोडणाऱ्या अशा वाटा अल्बेरुनीच्या काळी नव्या नव्हत्या.

माळव्यातील पहिल्या शेतकऱ्यांचा मागोवा मराठी संशोधकांनीच घेतला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. नीमचला जन्मलेल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९६४ मध्ये उज्जैनजवळ कायथा येथील प्राचीन वस्ती उजेडात आणली. इ. स. पूर्व २४०० च्या सुमारास वसलेली ही वस्ती इ. स. पूर्व २००० च्या सुमारास संपते आणि त्यानंतर तेथे खंड पडतो. याच सुमाराच्या आगेमागे जगाच्या मोठ्या भागात पाऊस क्षीण झाला होता. मेघालयातील मॉम्लूह गुहेत चुनखडीच्या निक्षेपांमध्ये त्याची खूण सापडली. ४२०० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या भूशास्त्रीय कालखंडास २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळाले ते त्यावरूनच. मेसोपोटेमियातील अक्कडचे राज्य आणि इजिप्तचे प्राचीन राज्य याच काळात कोलमडले. सिंधूकाठची नगरे पुढे दोनतीन शतकांत ओस पडू लागली. मात्र तारखा जुळल्या म्हणजे कारण सापडले असे नव्हे. कायथ्याच्या खंडाचे खापर केवळ अवर्षणावर फोडण्याची घाई मला योग्य वाटत नाही.

त्यानंतरची ‘माळवा संस्कृती’ अधिक बोलकी आहे. महेश्वरासमोर नावडातोली येथे ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात उत्खनन केले, तेव्हा तांबूस भांड्यांवर काळी नक्षी काढणारे, गोल आणि चौकोनी झोपड्यांतून राहणारे लोक समोर आले. ते प्रारंभी गहू पिकवीत. पुढच्या थरांत तांदूळ, मसूर, मूग, वाटाणा, लाख ही धान्येही दिसतात. याच लोकांची भांडी तापीकाठी प्रकाशे, प्रवरेकाठी दायमाबाद आणि घोड नदीकाठी इनामगाव येथे आढळतात. महाराष्ट्रातील या गावांच्या पायाशी माळव्याचे शेतकरी आहेत.

इनामगावात त्यांच्या वारसांचे काय झाले, हे म. के. ढवळीकरांनी फार बारकाईने दाखविले आहे. तेथे १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे उत्खनन चालले होते. भरभराटीच्या काळात गावात चौकोनी घरे होती, पाच दालनांचे एक मोठे घर होते, धान्याचे कोठार होते आणि पुराचे पाणी शेताकडे वळविणारा पाटही होता. इ. स. पूर्व १००० नंतर हे चित्र पालटते. घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, भांडी ओबडधोबड होतात, शेती आखडते, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवर भिस्त वाढते, इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव सुटते. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात पाहिले. गोदावरीच्या मुखाबाहेर, समुद्रतळाच्या गाळावरून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात द्वीपकल्पावरील कोरडेपणा टप्प्याटप्प्याने वाढत गेल्याचे दिसले, तेही या विचारास पूरकच आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते हे, की इनामगावकर एका दुष्काळात नाहीसे झाले नाहीत. नांगरामागचा माणूस मेंढरांमागे गेला आणि तीनशे वर्षे त्याने गाव धरून ठेवले.

तीनशे वर्षांची ही सवड संवत १९५६ च्या माळव्यास मिळाली नाही. ‘छप्पनिया’ या नावाने आपल्या आजी-पणज्यांच्या बोलण्यात राहिलेला हा १८९९-१९०० चा दुष्काळ. काळी जमीन ओल धरते आणि पावलोपावली पाणी आहे, अशी या प्रदेशाची ख्याती होती. म्हणूनच मारवाडातले भुकेले लोक गुरेढोरे घेऊन येथे आले, आणि पाहतात तो येथेही पावसाने दगा दिलेला. दुष्काळ कधी पाहिलेलाच नसल्यामुळे मदतीची व्यवस्थाही तुटपुंजी होती. संस्थानी काळात नेमावर हे ज्या राज्यातील एका जिल्ह्याचे नाव होते, त्या होळकरांच्या राज्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे ११ लाख होती. १९०१ मध्ये ती ८,५०,६९० भरली. भूक, साथीचे रोग आणि स्थलांतर यांनी दहा वर्षांत जवळजवळ चौथा हिस्सा नेला. पाऊस एका वर्षी चुकला होता. परंतु सारा ठरलेला, कर्ज डोक्यावर आणि शेत सोडून मेंढरे हाकण्याइतके मोकळे रान उरलेले नव्हते.

प्राचीन पावसाची साक्ष गुहेतल्या चुनखडीत आणि समुद्राच्या गाळात शोधावी लागते. अलीकडच्या तीन शतकांची साक्ष मात्र कागदावर असू शकते. पेशवे दप्तरात अवर्षणामुळे दिलेल्या सुटीचे कागद आहेत. तशाच नोंदी धार, देवास, कन्नोद, खातेगाव या भागातील जुन्या मराठी वाड्यांतल्या जमाखर्चाच्या बाडांतही असाव्यात: कोणत्या तिथीस पाऊस लागला, गव्हाचा भाव काय होता, कोणत्या कुळाचा सारा थकला. ही बाडे मोडीत आहेत, आणि घरातला मोडी वाचणारा शेवटचा माणूस बहुतेकांच्या बाबतीत आजोबांबरोबरच गेला. वाडा विकताना रद्दीत जाणाऱ्या गठ्ठ्यांत नेमावरच्या उताऱ्यावरील एखाद्या सालचा पूर किंवा कोरडे पडलेले पात्र नोंदलेले असेल, तर ते पान आधी बाजूला काढून ठेवावे.