कोकोची आई : गिरिपुष्पाची कहाणी



तुमच्या कुंपणाला गिरिपुष्प आहे ना? उन्हाळ्याच्या तोंडाला पाने झडतात आणि सगळी फांदी फिक्या गुलाबी फुलांनी भरते, तेच झाड. कोणी त्याला उंदीरमारी म्हणतात. आपण त्याला बांधावरचे साधे झाड समजतो. पण या झाडाचा इतिहास मोठा आहे, आणि नारळ-सुपारीच्या बागाईतदाराने तो ऐकण्यासारखा आहे.

आई हे नाव कसे पडले?

गिरिपुष्प मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. ज्याच्या बियांपासून चॉकलेट करतात, तो कोकोही तिथे फार जुन्या काळापासून लावतात. कोकोच्या कोवळ्या रोपाला कडक ऊन सोसत नाही. म्हणून तिथले शेतकरी त्याच्या डोक्यावर गिरिपुष्पाची सावली धरीत. तिथल्या नाहुआ लोकांच्या भाषेत या झाडाला 'कोकोची आई' म्हणत. पुढे स्पॅनिश लोक आले. त्यांनी तेच नाव आपल्या भाषेत घेतले, 'माद्रे दे काकाओ'. त्यांनीच दुसरे नाव दिले, 'माता रातोन', म्हणजे उंदीर मारणारे. ग्लिरिसिडिया या शास्त्रीय नावाचाही अर्थ तोच. म्हणजे आपली उंदीरमारीच झाली की!

आई सावली धरते तशी जेवूही घालते. हे जेवण येते कुठून, ते शास्त्राला उशिरा उमगले. १८८६ साली जर्मनीत हेलरिगेल आणि विलफार्थ या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, शेंगवर्गीय झाडे मुळांवरच्या गाठींच्या मदतीने हवेतले नत्र घेतात. १८८८ साली हॉलंडच्या बायरिंक यांनी त्या गाठींतले जीवाणू वेगळे काढले. भुईमूग उपटल्यावर मुळांवर दिसतात, तशाच या गाठी.

१५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे स्पॅनिश गलबते मेक्सिकोहून फिलिपिन्सला ये-जा करीत होती. त्या काळात कोको तिकडे गेला, आणि त्याची आईही गेली. तिथे तिला 'काकावाते' म्हणतात. पुढे हे झाड श्रीलंका, इंडोनेशिया आणि भारतातही आले. आपल्याकडे ही रीत अगदीच नवी नव्हती. कर्नाटकातल्या कॉफीवर पांगाऱ्याची सावली असते. आपल्या पानमळ्यात वेलीला शेवरी, हादगा, पांगारा यांचा आधार देतात. ही सगळी शेंगवर्गीयच झाडे.

सुबाभळीने दिलेला धडा

सुबाभूळही मेक्सिकोकडचीच. तिचा बोलबाला वडीलधाऱ्यांना आठवत असेल. चारा, जळण, खत, सगळे एकाच झाडात! इंडोनेशियात तर कोको-कॉफीवर तिचीच सावली होती. मग सायलिड नावाची, कोवळ्या शेंड्यांतला रस शोषणारी बारीक कीड आली. १९८४ मध्ये हवाई बेटांवर, १९८६ मध्ये इंडोनेशियात आणि १९८८ मध्ये भारतात. हिरव्यागार सुबाभळी बोडक्या झाल्या. इंडोनेशियात पुष्कळांनी मग गिरिपुष्पाची वाट धरली. एकाच झाडावर सगळी भिस्त ठेवली, की असे होते.

माझी चूक

एका बागेत नारळाच्या दोन ओळींत गिरिपुष्प लावायला मीच सांगितले होते. तीन वर्षांनी गेलो, तर झाडे डोक्यावर गेलेली आणि नारळाची रोपे खाली कोंडलेली. बागेचे मालक म्हणाले, "साहेब, तुम्ही लावा म्हणालात. तोडा म्हणाला नाहीत!" त्यांचे खरे होते. गाठींतले नत्र आपोआप नारळाला पोचत नाही. ते बहुतेक पाल्यात साठते. पाला तोडून आळ्यात घालाल तेव्हाच नारळाला मिळेल. न छाटलेली आई लेकराचेच ऊन-पाणी खाते.

आणि तोडलेला पाला राबात पेटवलात, तर त्यातले बहुतेक नत्र धुरावाटे जाते. हवेतून आलेले परत हवेत! हाती राहते ती राख.

बागेत काय कराल?

• नारळाच्या दोन ओळींच्या मधल्या जागेत, आळी सोडून, एक-एक मीटरवर झाडे लावा. फांदी लावली तर मुळे वरवर राहतात. बियांची रोपे खोल मूळ धरतात.

• तिसऱ्या वर्षापासून जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत, जमिनीपासून मीटरभर उंची ठेवून छाटा.

• कोवळा पाला आळ्यात पसरून वर माती ओढा. शंभर किलो हिरव्या पाल्यातून साधारण अर्धा ते पाऊण किलो नत्र मिळते.

• पाल्याने पालाश आणि स्फुरदाची गरज भागत नाही. ती खते माती तपासून द्यावीतच.

• बांधावर थोडा हादगा, पांगाराही असू द्या.

बंधूंनो, हजारो मैलांवरून आलेली ही आई आपल्या कुंपणावर उभी आहे. या जूनमध्ये कोयती घेऊन निघालात, की पाल्याचा पहिला भारा राबाकडे नेऊ नका, नारळाच्या आळ्यात टाका.