साडेतीन हातांची तालीम

परळीच्या वैजनाथाच्या पायऱ्या चढताना एक गंमत मनात येते. या देवाचे नावच वैद्यनाथ, म्हणजे वैद्यांचा नाथ. पण त्याच्या दारी आरोग्य मागायला जायचे, तर आधी पायऱ्या चढाव्या लागतात. औषधाच्या अगोदर व्यायाम! अहल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात या देवळाचा जीर्णोद्धार केला. तेव्हापासून किती गुडघ्यांना या पायऱ्यांनी कामाला लावले असेल, ते वैजनाथच जाणे.

पण रोज देवळापर्यंत जाणे सर्वांनाच साधते असे नाही. मग घरीच तालीम करावी म्हटले, तर अडचण येते जागेची. दोन खणांचे घर. त्यात देव्हारा, चूल, धान्याची कणगी आणि सहा माणसे. डोक्यावर माळवद. मुद्गल फिरवायला घ्यावा, तर तो तुळईला लागायचा. आज चूल गेली, माळवद जाऊन सिमेंटचे छत आले. पण अडचण तशीच आहे. मुलगा हौसेने वजने आणतो आणि आई विचारते, "अरे, हे ठेवायचे कुठे?"

या प्रश्नाला आपल्या इतिहासात एक सुरेख उत्तर सापडते. मात्र ते शोधायला जरा मागे जावे लागते.

कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. मराठवाड्याच्या अगदी वेशीवरचे. त्या ग्रंथात मल्लांच्या व्यायामाचे वर्णन आहे आणि खांबावरच्या कसरतीचाही उल्लेख आहे. पण हे सारे राजाच्या पदरच्या मल्लांचे. त्यांना जागेची ददात कसली? पुढे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, तोही पेशव्यांच्याच आश्रयाने. गावोगावच्या तालमी मारुतीच्या देवळाजवळ उभ्या राहिल्या. तिथे हौद्यातली लाल माती, जोडी, नाल असा सगळा सरंजाम असे आणि तो साऱ्या गावाचा असे. शिवाय तालमीत बाईमाणसाला प्रवेश नसे.

मग घरातल्या माणसाने काय करावे? यासाठी परळीहून परळीलाच जाऊ या! साताऱ्याजवळचा सज्जनगड पूर्वी परळीचा किल्ला म्हणून ओळखला जाई. तिथे राहिलेले समर्थ रामदास मूळचे आपल्या मराठवाड्यातल्या जांबचे. तरुणपणी ते रोज बाराशे नमस्कार घालीत, असे परंपरा सांगते. आकडा बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. नमस्काराला ना मुद्गल लागतो, ना हौदा.

त्याच सातारा भागातल्या औंध संस्थानात या नमस्काराची खरी परीक्षा झाली. राजपुत्र भवानराव पंतप्रतिनिधी यांना बलोपासनेचा नाद होता. त्या काळी युरोपात सँडो या पहिलवानाचा मोठा बोलबाला होता. १९०४-०५ साली तो हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याआधीच, १८९७ साली, भवानरावांनी त्याची पुस्तके आणि साधने मागवून सुमारे दहा वर्षे निष्ठेने व्यायाम केला. आणि मग १९०८च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्याने, ती साधने सोडून त्यांनी सूर्यनमस्कार धरले. वाचकहो, ज्याच्याजवळ राजवाडा होता, त्याने साडेतीन हातांचा व्यायाम पसंत केला! जागा नाही म्हणून नव्हे. सर्वांगाला पुरेसा वाटला म्हणून.

१९०९ साली गादीवर आल्यावर त्यांनी संस्थानाच्या शाळांतून नमस्कार सुरू केले. १९३६ साली विलायतेस गेले असता लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची मुलाखत घेतली आणि १९३८ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक संपादून प्रसिद्ध केले. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती निराळीच गोष्ट. औंधात राजांबरोबर राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालीत. तालमीने ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, त्यांना घरातल्या या तालमीत जागा मिळाली.

इथेच खरे मर्म आहे. गावच्या तालमीत वस्तादाचा डोळा असे. एखादा दिवस चुकला, तर चार सोबती दारात येऊन हाक मारीत. घरी तो डोळा नसतो. म्हणून हौसेने आणलेली साधने पुढे टॉवेल वाळत घालायच्या कामी येतात. २०२०च्या टाळेबंदीत व्यायामशाळांना कुलपे लागली, तेव्हा किती घरांत सतरंज्या पसरल्या गेल्या! कुलपे निघाली आणि पुष्कळ सतरंज्या पुन्हा गुंडाळल्या गेल्या. जागा तर तेवढीच होती. सोबत मात्र सुटली होती.

तेव्हा घरी तालीम काढायची असेल, तर आधी बाजारात जाऊ नका. रात्री जिथे अंथरूण पडते, तिथेच पहाटे सतरंजी टाका. पण एकट्याने नको. आजोबांनी मोजावे, मुलांनी घालावे, आईनेही पदर खोचून पुढे यावे. नरकचतुर्दशीला पहाटे सारे घर जागे असतेच. अभ्यंगापूर्वी प्रत्येकी बारा नमस्कार होऊ द्या. चकलीही मग अधिक खुसखुशीत लागेल!