बेचाळीसच्या पुरुषांना घडवणाऱ्या बायका

तासगावचा इतिहास सांगायला घेतला की परशुरामभाऊ पटवर्धनांच्या गणपतीपासून आणि देवळाच्या सात मजली गोपुरापासून सुरुवात होते आणि गाडी ‘चले जाव’ चळवळीतल्या 3 सप्टेंबर 1942 च्या मोर्चापाशी येऊन थांबते. त्या दिवशी खेड्यापाड्यांतून जमलेल्या लोकांनी मामलेदार कचेरीवर तिरंगा चढवला आणि रक्त न सांडता मोर्चा पार पडला. पुढच्या आठवड्यात 9 तारखेला वडूजला आणि 10 तारखेला इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं पडली, आणि उघड मोर्चांचे दिवस संपले. कार्यकर्ते भूमिगत झाले, त्यातूनच इंग्रज सत्तेला समांतर असं प्रतिसरकार उभं राहिलं आणि 1946 पर्यंत टिकलं. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या तासगाव, खानापूर, वाळवा, कराड या पट्ट्यात ते इतकं का टिकलं, याची उत्तरं आपण नेत्यांच्या धाडसात, त्यांच्या तुफान सेना या दलाच्या शिस्तीत आणि डोंगरकपारीत शोधतो. माझं म्हणणं असं की उत्तराचा एक मोठा भाग, वाचक भराभर उलटतात त्या पानांत आहे. त्या पिढीतल्या पुरुषांनी उतारवयात आई, आजी, बायको यांच्याविषयी जे लिहिलं, सांगितलं, ती ही पानं. त्यांना आपण कृतज्ञतेची पानं समजतो. मी ती चळवळीच्या इतिहासाचं मुख्य साधन मानतो.

यातलं सर्वांत परिचित पुस्तक यशवंतराव चव्हाणांचं ‘कृष्णाकाठ’. पत्नी वेणूताई 1 जून 1983 रोजी गेल्या, पुस्तक 1984 साली आलं आणि त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला यशवंतरावही गेले. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, उपपंतप्रधान अशी पदं भोगलेल्या माणसाने आयुष्याच्या शेवटी सांगितलेली हकीकत 1946 पाशीच थांबते आणि तिच्या मध्यभागी आहे त्यांची आई विठाई. यशवंतरावांचा जन्म 12 मार्च 1913 चा, आजोळी देवराष्ट्र्याला. ते लहान असतानाच वडील प्लेगने गेले. त्यानंतर निरक्षर विठाईने चार मुलं वाढवली आणि शिकवली. 1932 साली कराडच्या टिळक हायस्कुलात शिकणाऱ्या यशवंताला अटक झाली, तेव्हाचा कोठडीतला प्रसंग नीट पाहावा. शाळेतले शिक्षक आईला घेऊन भेटीला आले होते. मुलाने माफी मागितली तर सुटका होईल, असं त्यांनी सुचवलं. शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. पोराचं वर्ष वाचावं एवढंच त्यांच्या मनात होतं. माफी मागायची नाही, असं ठामपणे सांगणारी त्या कोठडीत एकच व्यक्ती होती, आणि ती विठाई. मुलाला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हा प्रसंग आपण मातृप्रेमाची गोष्ट म्हणून सांगतो. वास्तविक तो राजकीय निर्णय होता. घर ओढगस्तीचं, आणि शिकून चार पैसे आणू शकेल असा मुलगा दीड वर्ष तुरुंगात गेला तर त्याची झळ कुणाला बसणार, हे त्या बाईला पुरेपूर ठाऊक होतं.

विठाई एकटी नव्हती. 1896 साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढे वर्षानुवर्षं खेड्यांत फिरत राहिला, 1918 साली त्यावर इन्फ्लुएन्झाची साथ आली, आणि या भागातली कितीतरी घरं कर्त्या माणसावाचून उरली. वसंतदादा पाटलांचा जन्म 1917 चा. आईवडील साथीत गेले आणि पद्माळ्यात आजीने त्यांना वाढवलं. प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील यांची मुलगी हौसाबाई तीन वर्षांची असताना आई वारली. वडील चळवळीत, म्हणजे तीही आजीच्या, गोजराबाईंच्या हाताखाली मोठी झाली. 24 जुलै 1943 रोजी सांगलीचा तुरुंग फोडणारे वसंतदादा आणि प्रतिसरकारात पिस्तुलं, निरोप वाहणाऱ्या हौसाबाई, दोघांच्याही बालपणात घराचा कारभार बाईच्या हाती होता. सावकार दारात आला तर त्याच्याशी बोलायचं, शेत वाट्याने लावायचं, पोराला शाळेत घालायचं की गुरांमागे धाडायचं, हे निर्णय त्यांनी बाईलाच घेताना पाहिले. प्रतिसरकारने पुढे सावकारीवर आणि गावगुंडांवर हात टाकला, तेव्हा त्या दोन्ही गोष्टी या पिढीला घरातूनच माहीत होत्या.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: म्हातारपणी प्रत्येक पुरुष आईविषयी हळवा होतो, त्या हळवेपणाला पुरावा कसं म्हणायचं? आक्षेप योग्य आहे, म्हणून आठवणी बाजूला ठेवून विरुद्ध पक्षाची साक्ष काढावी. इंग्रज सरकारने काय केलं? नाना पाटील हाती लागत नाहीत म्हटल्यावर त्यांची जमीन आणि घर जप्त केलं. हौसाबाईंनी सांगितलेली हकीकत अंगावर येते: पावसाळ्यातली संध्याकाळ, भाकरी आणि वांगी नुकती शिजलेली, आणि पोलीस दारात. वापरायला एक खोली उरली आणि त्यात आजी, आत्या, हौसाबाई. पुढे मामाने बैलजोडी आणि गाडी दिली आणि गूळ, शेंगा, जोंधळा यांची भाडी मारून हे कुटुंब जगलं. यशवंतरावांच्या घरी तेच घडलं. 2 जून 1942 ला लग्न झालं, अडीच महिन्यांत नवरा भूमिगत, आणि 1943 च्या सुरुवातीला पोलिसांनी नव्या नवरीलाच पकडून तुरुंगात टाकलं. काही आठवड्यांनी वेणूताई सुटल्या त्या प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत, आणि फलटणला त्यांना भेटायला गेलेले यशवंतराव तिथेच पकडले गेले. म्हणजे भूमिगतांचा आधार कुठे आहे, हे सरकारला पक्कं कळलं होतं. जप्ती चुलीवर आली आणि बेडी बायकोला पडली, कारण घर मोडलं की माणूस हाती लागतो हा पोलिसांचा हिशेब होता. तो हिशेब यशवंतरावांच्या बाबतीत खरा ठरला आणि नाना पाटलांच्या बाबतीत फसला. फसला, कारण गोजराबाईंनी ते घर मोडू दिलं नाही. ही साक्ष हळवेपणाची नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आया-बायका सगळ्या देशात होत्या, भूमिगतांना भाकरी सगळीकडे मिळत होती, मग प्रतिसरकार साताऱ्यातच का टिकलं? याला घरातल्या बायका हे एकमेव कारण आहे असं मी म्हणत नाही. सत्यशोधक चळवळीने इथला शेतकरी आधीच बोलता केला होता. तासगाव तालुका इंग्रजी अमलाखाली, पण कुंडल औंध संस्थानात आणि आसपास सांगली, मिरज, जत अशी संस्थानं, त्यामुळे हद्द ओलांडली की पोलिसांचा पाठलाग अडखळायचा. हे सगळं मान्य. पण हद्द ओलांडून माणूस जातो कुठे? कुणाच्या तरी घरीच. अपरात्री दार उघडायचं, किती माणसं आहेत हे न विचारता पीठ काढायचं, आणि सकाळी पाटील-पोलिसांनी विचारलं तर तोंडातून शब्द काढायचा नाही, हे काम रोजचं होतं आणि ते चार वर्षं चाललं. युद्धाच्या महागाईत जोंधळा किती जपून वापरावा लागत होता, हे लक्षात घेतलं तर एकेका जेवणाची किंमत कळते. भूगोलाने आडोसा दिला. त्या आडोशात माणसं जगवली ती या घरांनी.

मग या बायकांनी स्वतः का लिहिलं नाही? कुंडलला लागून असलेल्या किर्लोस्करवाडीतून 1930 पासून ‘स्त्री’ मासिक निघत होतं. स्त्रियांचे प्रश्न मांडणारं महाराष्ट्रातलं एक प्रमुख मासिक ज्या माळावर छापलं जात होतं, त्याच्या आसपासच्या गावांतल्या बहुतेक बायकांना त्यातली एक ओळही वाचता येत नव्हती. ‘स्त्री’चं मोल मला कमी करायचं नाही. तिने शिकलेल्या बाईला लिहितं केलं. पण विठाई, गोजराबाई त्या पानांपर्यंत पोहोचणं शक्य नव्हतं, आणि म्हणून त्यांचं आयुष्य कागदावर आलं ते शिकलेल्या मुलाच्या, नातीच्या तोंडून. पुरुषांच्या आठवणी महत्त्वाच्या ठरतात त्या या अडचणीमुळे. त्या जपून वाचाव्या लागतात, कारण लिहिणारा मुलगा असतो आणि मुलाला आईचा त्याग दिसतो, तिचा राग, तिचा नकार, तिचा व्यवहार कमी दिसतो.

आई आणि बायको एवढ्यावरच थांबलं तर मात्र आपणही तीच चूक करू. हौसाबाईंनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर घरगुती मारहाणीचा देखावा उभा केला, पोलीस सोडवायला धावले आणि तेवढ्यात साथीदारांनी ठाण्यातली हत्यारं उचलली. त्यांना खरोखरीचा मार खावा लागला. कासेगावच्या इंदुताई पाटणकर किशोरवयात घर सोडून चळवळीत उतरल्या. पती बाबूजी पाटणकरांचा 1952 साली खून झाल्यावर त्यांनी मुलगा भारत याला वाढवलं आणि कार्यकर्तेपणही सोडलं नाही. शिवाय प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांपुढे जमिनीच्या वादांबरोबर टाकलेल्या बायकांची गाऱ्हाणी आणि बायकांवरच्या अत्याचारांच्या तक्रारी येत, आणि कमी खर्चाची ‘गांधी लग्नं’ लावली जात. मंडळांत निर्णय देणारे पुरुषच होते, हे खरं, आणि ते लपवू नये. तरी ज्या घरांनी चळवळ जगवली, त्या घरांतल्या बाईचं दुःख चळवळीच्या न्यायालयात पोहोचलं, ही गोष्ट लहान नाही.

स्वातंत्र्यानंतर हिशेब कसा झाला ते पाहा. 1972 साली केंद्राची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. पात्रतेच्या मुख्य अटी अशा: किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास, स्त्रियांना सवलत म्हणून तीन महिने, किंवा वॉरंट, बक्षीस असलेला भूमिगत काळ. या मापाने वेणूताईंचे तुरुंगातले आठवडे कमी पडतात. गोजराबाईंची जप्त झालेल्या घरातली वर्षं, अपरात्री थापलेल्या भाकरी, न सांगितलेली नावं, यांना तर मापच नाही. नियम बनवणाऱ्यांना कागद हवा होता, आणि यांच्या कामाची पद्धतच अशी की कागद उरता कामा नये. म्हणून सरकारी यादीवर विसंबून तासगाव-पलूसचा बेचाळीस लिहिणं मला चुकीचं वाटतं.

हौसाबाई 23 सप्टेंबर 2021 रोजी गेल्या, तुफान सेनेतले कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड फेब्रुवारी 2022 मध्ये. ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं ते आता जवळजवळ उरले नाहीत, पण ज्यांनी ते आजीच्या तोंडून ऐकलं अशी माणसं तासगाव, पलूस, कडेगाव, वाळव्याच्या गावोगावी आहेत. तुमच्या घरात 1942 ते 46 दरम्यान कुणी भूमिगत जेवून गेला असेल, तर त्याचं नाव तुम्हाला माहीत असेलच. ज्या बाईने त्याला वाढलं तिचं नाव, तिचं माहेर, तिने काय सोसलं, हे लिहून काढा आणि गावच्या वाचनालयात ठेवा.