माळ्यावरचा चरखा

चरखा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गांधीजींची बैठी मूर्ती उभी राहते. दोन्ही गोष्टी इतक्या एकरूप झाल्या आहेत की, गांधीजी चरखा घेऊनच जन्मास आले असावेत असे माझ्या विद्यार्थ्यांना वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना त्यांनी देशाच्या दारिद्र्यावर हातकामाचा उपाय सांगितला खरा. परंतु तोवर आपण चरखा किंवा हातमाग पाहिल्याचेही स्मरत नाही, असे त्यांनीच आत्मकथेत नमूद केले आहे. ज्या वस्तूने पुढे राष्ट्राच्या ध्वजावर स्थान मिळविले, ती पहिल्याने शोधावी लागली होती. तो शोध कसा लागला, हे सांगण्यासारखे आहे.

तत्पूर्वी दोन शब्द आमच्या भागाविषयी. मी राहतो तो अंबरपेठ भाग हैदराबादच्या पूर्वेस, मुसा नदीच्या काठाने वसलेला. घरात मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि दखनी अशी आमची त्रिवेणी. वर्गात अंबर चरख्याचा धडा आला की एखादा तरी पोर विचारतोच, “सर, हा आपल्या अंबरपेठेतला का?” मग सांगावे लागते की, तो चरखा तामिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी बनविला आणि त्यांच्या नावातले ‘अंबर’ त्यास चिकटले. एकाऐवजी अनेक चात्यांवर सूत काढणारा तो चरखा १९५० नंतरच्या दशकात फार चर्चेत होता. ग्रामोद्योगांविषयीच्या १९५५ च्या कर्वे समितीनेही त्याचा विचार केला होता. असो.

आमच्या दक्षिणेचा चरख्याशी संबंध मात्र याहून पुष्कळ जुना आहे. आपल्याकडे सूत शतकानुशतके निघत असे ते टकळीवर. चाकाच्या चरख्याचा हिंदुस्थानातील पहिला निःसंदिग्ध उल्लेख इतिहासकार इरफान हबीब यांनी दाखवून दिला आहे. तो आहे इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या फारसी काव्यग्रंथात, १३५० च्या सुमारास. हा इसामी मुहंमद तुघलकाच्या काळी दिल्लीहून दौलताबादेस आलेला, आणि ग्रंथ लिहिला तो पहिल्या बहमनी सुलतानाच्या आश्रयाने. म्हणजे गुलबर्ग्याच्या गादीखाली. रझिया सुलतानेच्या संदर्भात तो म्हणतो की, बाईने तख्तापेक्षा चरख्यापाशी बसावे. मत घेण्यासारखे नाही. पण त्या काळी चरखा बायकांच्या हातचे नित्याचे साधन झाले होते, हे त्यातून कळते. शब्दांचेही पाहा. आपला जुना शब्द रहाट, कानडीत राटे, तेलुगूत राट्नम. तीन भाषांच्या घरांत एकाच कुळातले शब्द नांदावेत, याचे आपल्यासारख्या द्विभाषिकांस नवल वाटू नये.

असे हे घरोघरचे साधन एकोणिसाव्या शतकात गिरणीच्या सुतापुढे हटले. चरखा कोणी मोडला नाही, जाळला नाही. कातलेले सूत घेणारा उरला नाही, एवढेच झाले.

गांधीजी १९१५ साली परतले आणि अहमदाबादेस आश्रम निघाला. तेथे हातमाग बसविले, पण विणकाम कोणासच येत नव्हते. पालनपूरहून जाणकार आणावा लागला. आश्रमीय विणू लागले, तरी सूत गिरणीचेच. गिरण्यांवर अवलंबून राहिले तर हातमागाला अर्थ काय, हा प्रश्न सुटेना. चरखा मिळेना आणि कातणे शिकविणारेही मिळेना.

१९१७ साली भडोच येथे शिक्षण परिषद भरली. तेथे गंगाबेन मजमुदार या विधवा बाईंची भेट झाली. बाई धीट; घोड्यावरून एकट्या हिंडणाऱ्या, अस्पृश्यता न मानणाऱ्या. त्यांनी चरखा शोधण्याचे वचन दिले. गुजरातभर भटकंती केल्यावर तो सापडला विजापुरात, आपल्या गायकवाडांच्या बडोदे संस्थानात. तेथे अनेक घरांत चरखे होते. पण अडगळ म्हणून माळ्यावर टाकलेले. बायका म्हणाल्या, कोणी नियमित पेळू पुरवील आणि सूत विकत घेईल तर आम्ही पुन्हा कातू.

वाचकहो, या उत्तरात सगळा इतिहास आहे. कला विसरली गेली नव्हती, साधनही शाबूत होते. तुटली होती ती आधीची आणि नंतरची कडी. गांधीजींनी ती जोडली. प्रथम मुंबईचे उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पेळू दिले. गिरणीचे सूत नको तर गिरणीचा पेळू कसा चालेल, म्हणून गंगाबेननी पिंजारी शोधला. त्याने महिना ३५ रुपये मागितले, ते मान्य झाले. कापूस पिंजण्यापासून विणण्यापर्यंत सारी साखळी उभी राहिली. तिकडे आश्रमात मगनलाल गांधींनी चरख्यात सुधारणा केल्या. आश्रमातील पहिली खादी वाराला १७ आणे पडली. त्या काळी हा भाव भारीच. पुढे १९२५ साली अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला.

या कथेत मराठी यंत्रकुशलतेचेही एक पान आहे. १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी कडक : आठ तासांत १६,००० फूट सूत निघावे, किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, यंत्र वीस वर्षे टिकावे आणि बाईला ते आठ तास फार श्रम न होता चालविता यावे. औंध संस्थानातील किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने हे आव्हान घेतले आणि चरखा बनविलाही. तो सर्व अटींना उतरला नाही. बक्षीस शेवटपर्यंत कोणासच मिळाले नाही.

इतिहास शिकविणाऱ्याने निदान एकदा तरी कातून पाहावे, म्हणून सेवाग्रामला गेलो असता मी पेटी-चरखा विकत घेतला. ही घडी घालून नेता येणारी पेटी गांधीजींच्या येरवडा तुरुंगातील वास्तव्यात आकारास आली. तिच्यातील मोठे चाक लहान चाकाला फिरवते आणि लहान चाक चातीला. त्यामुळे हात एकदा फिरला की चाती कितीतरी वेढे घेते. उजव्या हाताने चाक, डाव्या हाताने पेळू. धागा चातीच्या टोकावरून तिरपा धरला की पीळ बसतो; काटकोनात आणला की गुंडाळला जातो. पीळ कमी तर धागा सुटतो, जास्त तर गाठाळतो. पुस्तकात हे दोन ओळींत मावते. बोटांना कळायला मला तीन आठवडे लागले. एका वृद्ध सर्वोदयी कार्यकर्त्याने शेजारी बसून “ओढू नका, येऊ द्या” एवढेच शिकविले.

दहावीच्या वर्गात मी तो चरखा ठेवला, तेव्हा एका मुलीची आजी तो पाहायला मुद्दाम शाळेत आली. तेलुगूभाषक बाई; तिने पेळू हाती घेतला आणि गप्पा मारता मारता अखंड धागा काढला. लहानपणी आईकडे शिकली होती. तिच्या घरी कोणासच हे ठाऊक नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते.

खादीचे राष्ट्रध्वज हुबळीच्या बेंगेरीत आणि नांदेडात तयार होतात; दोन्ही गावे आपल्यासारख्या सीमेवरच्या मुलखातली. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजासाठी यंत्रावरचे व पॉलिएस्टरचे कापडही चालू लागले. म्हणजे सूत घेणारा कोण, हा विजापूरच्या बायकांचा प्रश्न पुन्हा दाराशी उभा आहे.

आणि तो केवळ सुताचा नाही. आपल्या कितीएक घरांत मराठी अशीच शाबूत आहे. आजीला येते, आईला कळते, मुलाला ऐकू येते. तिला कोणी मोडलेले नाही. तिला रोजचा पेळू हवा आणि घेणारा हवा : एक पत्र, एक गोष्ट, जेवताना एक प्रश्न. या दिवाळीत माळा झाडताना तेवढे पाहावे.