दर उतरले, नळ आला नाही
बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात जानेवारी २००० मध्ये पाण्याची बिलं काहींना दुपटीने आली. पुरवठा नुकताच ‘आग्वास देल तुनारी’ या खासगी कंपनीकडे गेला होता. लोकांनी बिलं भरली नाहीत, रस्ते अडवले. स्वतः खोदलेल्या विहिरी जातील या भीतीने शेतकरीही उतरले. एप्रिलमध्ये गोळी लागून १७ वर्षांचा व्हिक्टर ह्युगो दासा गेला. शेवटी सरकारने करार रद्द केला, जुने दर परत आले.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आम्ही याला रोलबॅक म्हणतो, आणि त्यात जुन्या चुकाही परत येतात. शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांमध्ये आधीही नळ नव्हता. नंतरही वर्षानुवर्षं तिथे टँकरच येत राहिला, तोही नळापेक्षा महाग. बिल न येणाऱ्यांचं पाणी मात्र राहूनच गेलं.